वाटाण्याचं रोप, शाळेचं हस्तलिखित आणि वर्गातला एक मोबाईल

बसमध्ये कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्यांचं स्वागत, आणि नेट रखडतंय म्हणून इथे येऊन वाचणाऱ्यांचंही.

मी ओझरचा. अष्टविनायकातलं ओझर वेगळं, ते पुणे जिल्ह्यात. आमचं ओझर नाशिक जिल्ह्यातलं, निफाड तालुक्यातलं. कंडक्टर त्याला ‘ओझर मिग’ म्हणतात, कारण १९६४ मध्ये इथे मिग विमानांच्या कारखान्याची सुरुवात झाली. आजही सुखोई डोक्यावरून गेलं की शिक्षक अर्धं वाक्य तोंडात धरून थांबतात आणि आवाज विरला की तिथूनच पुढे सुरू करतात.

गेल्या काही दिवसांत आपल्या शिक्षक श्रोत्यांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. मुलांना गोष्टी बनवता येतील अशी ॲप्स हल्ली खूप आहेत. चित्र बोलतं करणारी, फोटो जोडून सिनेमा करणारी, पुस्तक बनवणारी. ती वर्गात वापरावीत का? मुलांना त्याने काही येतं, की नुसता टाइमपास होतो?

ॲप्सची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. मला आज इतिहास सांगायचाय, कारण हा प्रश्न मोबाईलइतका नवा नाही. गोष्ट सांगणारं यंत्र आणि शिकणारं मूल यांची आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी ओळख आहे, आणि तिची सुरुवात आमच्या नाशिकशी जोडलेली आहे.

महिनाभराची मेहनत, मिनिटभराचा सिनेमा

दादासाहेब फाळके १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मले. ‘राजा हरिश्चंद्र’ सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या आधीची एक छोटी फिल्म मात्र फार कमी जणांना ठाऊक असते.

१९१२ साली फाळके लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. सिनेमा काढायला पैसे हवे होते, आणि सिनेमा नावाची गोष्ट आपल्या माणसाला बनवता येते यावर सावकारांचा विश्वास बसेना. मग त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त काळ त्या कुंडीचं थोडं थोडं चित्रण केलं. सगळं जोडल्यावर जेमतेम मिनिटभराची फिल्म झाली. बी फुटतंय, कोंब वर येतोय, वेल चढतेय. नाव होतं ‘अंकुराची वाढ’. ती पाहिलेल्यांपैकी काही जण कर्ज द्यायला तयार झाले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यानंतर फाळक्यांनी आपला सगळा कारभार नाशिकला हलवला.

आता मोबाईलवरचं ‘स्टॉप मोशन’चं कुठलंही ॲप उघडा. ते काय करतं? एक फोटो, मग वस्तू जराशी हलवा, दुसरा फोटो, मग तिसरा. शेवटी सगळे भराभर दाखवले की वस्तू हलल्यासारखी दिसते. फाळक्यांनी वाटाण्याशी केलं तेच. पुढे त्यांनी आगकाड्या नाचवणारी एक फिल्मही याच युक्तीने केली होती.

फाळक्यांच्याही आधी, १८९० च्या दशकात, कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली होती. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, समोर पडदा, आणि सोबत गोष्ट सांगणारा निवेदक. लोकांना त्या अंधारात रामायण हलताना दिसायचं. म्हणजे चित्र, आवाज आणि गोष्ट एकत्र बांधणं ही आपल्याकडे आयात झालेली ॲपची कल्पना नाही.

हे सगळं पाहताना माझ्यातला इंजिनिअर एका जागी अडकतो. संगणकात प्रत्येक फाइलला परवानग्या असतात. ‘रीड’ म्हणजे तुम्ही ती वाचू शकता. ‘राइट’ म्हणजे तुम्ही तीत लिहू शकता. फाळके आणि पटवर्धन यांनी राइटची परवानगी कुणाकडे मागितली नाही, ती स्वतः मिळवली. आपल्या शाळांमधल्या मुलांना ती किती वेळा मिळाली? आजच्या भागाचा प्रश्न एवढाच.

एकच प्रत असलेलं मासिक

आश्चर्य म्हणजे वीज नसलेल्या काळातल्या शाळांनी ही परवानगी बऱ्यापैकी दिली होती.

साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळायचे. तिथल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. रोज, शाई-बोरूच्या जमान्यात. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती उतरवून घेणारेही गुरुजीच. आपल्या भाषेत सांगायचं तर तेव्हाचं ट्रान्सक्रिप्ट! आणि १९३३ च्या फेब्रुवारीत आमच्या नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. त्या पुस्तकाची रचना आठवा. बेचाळीस रात्री, रोज रात्री एक आठवण, सांगणारा श्याम आणि भोवती ऐकणारे मित्र. सीझन एक, भाग बेचाळीस म्हणा ना! गुरुजी गेल्यावर १९५१ मध्ये प्रकाशभाई मोहाडीकरांनी त्यांच्या नावाने कथामाला सुरू केली आणि मुलांना गोष्टी सांगण्याचं काम गावोगाव पोचवलं.

पण ‘छात्रालय दैनिक’ गुरुजी स्वतः लिहीत. मुलांच्या हातात लेखणी आली ती शाळांच्या ‘हस्तलिखिता’त. तुमच्या आई-बाबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल. वर्षातून एकदा निघणारं, एकच प्रत असलेलं मासिक. ज्याचं अक्षर चांगलं तो लिहिणार, जिला चित्र जमतं ती मुखपृष्ठ करणार, आणि जो वर्गात कधी बोलत नाही त्याची कविता निघणार. ते ग्रंथालयात ठेवलं जाई आणि पाहायला रांग लागे. खर्च? रंगीत कागद आणि खळ.

हस्तलिखितात मूल लेखक होतं. ही पातळी लक्षात ठेवा, कारण पुढे महागडी यंत्रं आली आणि मूल या पातळीवरून खाली उतरलं.

टीव्ही आला, संगणक आला, मुलं मांडी घालून बसली

१९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. दूरदर्शनवर शाळकरी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम. मराठीत, आपल्या मुलांसाठी, आपल्या माणसांनी बनवलेले. काम मनापासूनचं होतं आणि त्या पिढीला ते आजही आठवतं. पुढे निधी आटला आणि २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली. वाईट झालं. पण वर्गाच्या बाजूने पाहिलं तर मुलांचं काम एकच होतं, समोर बसून पाहणं. माझी मावशी शिक्षिका होती. ती सांगते, शाळेतला टीव्ही लोखंडी कपाटात असायचा, किल्ली एकाकडेच, आणि कार्यक्रमाच्या वेळेला नेमकी लाईट गेलेली.

त्याच सुमाराला, १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारने शाळांत संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला. देशभरातल्या अडीचशेच्या आसपास शाळा आणि त्यांत ‘बीबीसी मायक्रो’ हे ब्रिटिश बनावटीचे संगणक. गंमत अशी की तिकडे अमेरिकेत सीमोर पॅपर्ट नावाचा गणितज्ञ १९६७ पासून वेगळंच म्हणत होता. त्याच्या गटाने मुलांसाठी ‘लोगो’ ही प्रोग्रामिंगची भाषा बनवली. पडद्यावर एक कासव, त्याला मूल सांगणार, इतकं पुढे जा, इतकं वळ. कासव रेघ ओढणार. पॅपर्टचा मुद्दा साधा होता. यंत्राने मुलाला चालवू नये, मुलाने यंत्राला चालवावं. आजचं ‘स्क्रॅच’ हे २००७ मध्ये एमआयटीतून आलं, ते याच विचारातून.

आपल्या पिढीला मात्र त्यातलं काय मिळालं? आठवा तो संगणक कक्ष. बाहेर चपला काढायच्या, एका मशीनवर तिघं, आणि संगणकाच्या भागांची नावं वहीत लिहायची. एकच सुख होतं, ‘पेंट’. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी. त्या पाच मिनिटांत आपण काहीतरी बनवत होतो. इतक्या वर्षांनी तेवढंच का आठवतं, याचा विचार करून पाहा.

खैराटची बावीस मुलं

२००७ मध्ये कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाड्यावर एक प्रयोग झाला. एक शिक्षक, बावीस मुलं, एका खोलीची शाळा. तिथे ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले, आणि भारतात ते पहिल्यांदाच येत होते. आदल्याच वर्षी केंद्राच्या शिक्षण खात्याने या प्रकल्पाला नकार दिला होता. तेव्हा शाळांना वर्गखोल्या आणि शिक्षक जास्त गरजेचे आहेत, असं खात्याचं म्हणणं होतं. ते चूक होतं असं मी म्हणणार नाही.

पण त्या लॅपटॉपमध्ये काय होतं बघा. कॅमेरा, माईक, चित्र काढायचं साधन, लिहायचं साधन, आवाज जोडून संगीत करायचं साधन. पाठ्यपुस्तक दाखवण्यापेक्षा मुलाने काही टिपावं, रचावं यासाठी ते यंत्र घडवलेलं होतं. त्या वाडीवरची मुलं स्वतः फोटो काढू लागली.

मग हा प्रयोग देशभर का पसरला नाही? याच प्रकल्पात पेरू या देशाने आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये तिथला मोठा अभ्यास आला, आणि गणित-भाषेच्या गुणांत फरक पडलेला दिसला नाही. मला यातून कळतं ते असं. राइटची परवानगी असलेलं यंत्र दिलं, तरी ते कशासाठी वापरायचं हे ठरवणारा शिक्षक सोबत नसेल, तर यंत्र नुसतं यंत्रच राहतं.

शिक्षकाने कॅमेरा हातात घेतला

पुढचा टप्पा आपल्याच जिल्हा परिषद शाळांचा आहे. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची शाळा टॅबवर शिकणारी शाळा म्हणून गाजली. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि गावोगाव लोकवर्गणीतून डिजिटल शाळा उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांनी शे-दोनशे रुपये काढून प्रोजेक्टर घेतले. हे विसरू नका, या स्क्रीन गावाच्या पैशाच्या आहेत.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड चिकटवले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो. २०१७ पासून राज्याच्या पुस्तकांत असे कोड येऊ लागले, नंतर एनसीईआरटीनेही ते घेतले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून दिली.

पुरस्काराची बातमी सगळ्यांनी वाचली. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. तोपर्यंत पडद्यावरची गोष्ट पुण्याहून किंवा दिल्लीहून यायची. आता ती वाडीवरचा शिक्षक बनवू लागला. २०१५ मध्येच ‘प्रथम बुक्स’ने ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केलं, जिथे मुलांची गोष्ट कुणीही मोफत वाचू शकतो, मराठीत आणू शकतो, नवी रचू शकतो. राइटची परवानगी राजधानीतून गावापर्यंत आली. शिक्षकाच्या टेबलापर्यंत पोचली. तिथून पहिल्या बाकापर्यंतचं अंतर फार तर सहा फूट आहे.

ओझरजवळचा एक डोळा

ते सहा फूट कसे जातात हे मी गेल्या हिवाळ्यात पाहिलं. माझं काम पुण्याच्या कंपनीचं, पण घरून. ‘आनंददायी शनिवार’ला मी ओझरजवळच्या एका छोट्या शाळेत जातो. चौथीच्या बाई, त्यांचा एक मोबाईल आणि चोवीस मुलं.

ऑक्टोबर छाटणी झाली होती. निफाडच्या पोराला वाटाण्याचं कौतुक काय सांगणार? आम्ही शाळेला लागून असलेल्या द्राक्षबागेतल्या एका वेलीचा एक डोळा निवडला. रोज परिपाठाआधी दोघांनी जायचं, दोन विटांवर मोबाईल टेकवायचा आणि एक फोटो काढायचा. अठरा दिवस, रविवारसुद्धा. शेजारच्या मुलांनी बाईंच्या घरून फोन आणून तो दिवस सांभाळला. अठरा फोटोंची फिल्म झाली चार सेकंदांची. मुलांनी ती पंधरा-वीस वेळा पाहिली असेल.

मग वाद सुरू झाला. गोष्ट कोण सांगणार? मालक, वेल की डोळा? मतं पडली डोळ्याला. आवाज द्यायला चार जण पुढे आले, आणि त्यात एक मुलगी होती जिला बाईंनी वर्गात बोलताना फारसं ऐकलं नव्हतं. तिचे आई-वडील सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामाला आलेले. घरी कोकणा बोलतात. तिने विचारलं, “आमच्या बोलीत चालेल?” बाई म्हणाल्या, “चालेल की.”

तिच्या गोष्टीत डोळा झोपलेला होता आणि त्याला उठवायला एक बाई पेस्ट लावत होती. डोळे लवकर फुटावेत म्हणून छाटणीनंतर लावतात ती पेस्ट. तिने हात झोंबतात. डोळा म्हणाला, उठतो बाई, तुझे हात झोंबतायत. बाकीच्या मुलांना दोन-तीन शब्द कळले नाहीत, ते त्यांनी तिला विचारले. त्या वर्षात पहिल्यांदाच वर्ग तिला शब्दांचे अर्थ विचारत होता. बागायतदारांच्या मुलांनी पेस्ट रोज पाहिली होती. ती लावणाऱ्या हातांचं काय होतं, हे त्यांच्या बोलण्यात आधी कधी आलं नव्हतं.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. तिचं गणित कच्चं होतं ते कच्चंच राहिलं, आणि हंगाम संपल्यावर कुटुंब गावी परत गेलं. पण बाईंनी तिच्या पुढच्या शाळेसाठी दिलेल्या चिठ्ठीत लिहिलं, ‘हिला गोष्ट सांगता येते.’ ही गोष्ट कुठल्या चाचणीत दिसली असती?

मग ॲप निवडायचं कसं?

आता अशी ॲप्स आली आहेत की ‘द्राक्षाच्या डोळ्याची गोष्ट’ एवढं टाइप केलं की दहा सेकंदांत चित्रं, आवाज, शेवटी तात्पर्य, सगळं तयार. मी या क्षेत्रातला आहे, मला ते कसं चालतं हे माहितीये आणि मला ते भारीही वाटतं. पण त्या गोष्टीत झोंबणारे हात आले नसते. ते त्या मुलीलाच माहीत होते. बटण दाबून मिळालेल्या गोष्टीपुढे मूल पुन्हा बालचित्रवाणीच्या जागी जाऊन बसतं, मांडी घालून. पडदा तेवढा छोटा झालेला असतो.

म्हणून माझी कसोटी ॲपच्या नावाला लागत नाही. तास संपल्यावर विचारा, या फोनमध्ये आत्ता असं काय आहे जे या मुलांशिवाय झालं नसतं? उत्तर असेल तर कुठलंही ॲप चांगलं. उत्तर नसेल तर कितीही स्टार असलेलं ॲप म्हणजे कपाटातला टीव्ही.

थोडं व्यवहाराचं. एक फोन पुरतो, फाळक्यांकडेही एकच कॅमेरा होता. फोन ‘एअरप्लेन मोड’वर ठेवा, म्हणजे गोष्ट रंगात आली असताना कुणाचा गुड मॉर्निंग टपकणार नाही. आधी कागदावर चौकटी आखून गोष्ट काढायला लावा, मगच फोन द्या. चेहऱ्यांऐवजी हात, माती, बाहुल्या, पानं यांचे फोटो घ्या, आणि पालकांना विचारल्याशिवाय मुलांचं काहीही स्टेटसला लावू नका. आणि घाई करू नका. मिनिटभराच्या फिल्मसाठी फाळके महिनाभर थांबले होते. रोज त्याच जागी जाऊन बघणं, काल आणि आजमध्ये काय बदललं ते ओळखणं, हेच तर विज्ञान आणि हीच गोष्ट.

जाता जाता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या जुन्या शाळेत जा आणि ग्रंथालयात एखादं हस्तलिखित शिल्लक आहे का विचारा. सापडलं तर त्यातलं एक पान कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या, रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. लिहिणाऱ्याची परवानगी मिळाली तर आपण ते पुढच्या भागात ऐकू. तोपर्यंत ऐकत राहा, आणि जमलं तर काहीतरी बनवतही राहा. भेटूया!